घासलेलं टाकं

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मला ठाऊक नाही आणि तुम्हाला कळून उपयोगही नाही. तेव्हा जनावरं बोलायची, आणि माणसं अधूनमधून ऐकायचीसुद्धा, इतकी जुनी.

एका डोंगरावर दोन गावं होती. एक वर, एक खाली. वरच्या गावाजवळ मोठं तळं होतं. खालच्या गावात नुसता कातळ. विहीर खणायला घेतली तर पहार मोडायची, पण पाणी लागायचं नाही. देवळामागे एक बारीक झरा होता, तो माणसांच्या पिण्यापुरता कसाबसा पुरायचा. गुरांसाठी आणि परसातल्या चार वेलींसाठी प्रत्येक घराने दारात कातळ फोडून एकेक टाकं केलं होतं. पावसाळा सरला की ती टाकी भरायची वरच्या तळ्यातून येणाऱ्या पाटाने.

आता पाणी एक आणि तोंडं अनेक म्हटल्यावर भांडण आलंच. डोकी फुटली, सोयरिकी मोडल्या. शेवटी गाऱ्हाणं राणीपुढे गेलं. राणी शहाणी होती. तिने दोन्ही गावांचं ऐकून घेतलं, कंटाळा येईपर्यंत ऐकलं, आणि एक रीत घालून दिली.

रोज सकाळी पाटाच्या तोंडाशी जो सपाट दगड आहे, त्यावर खालच्या गावातल्या प्रत्येक घराने आपल्या चार कवड्या एकदा टाकायच्या. चारही उताण्या पडल्या तर त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पाट त्या घराचा; दोघांच्या पडल्या तर निम्मा निम्मा. नाही पडल्या तर मुकाट्याने घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. तळ्यात कोणी घागर बुडवायची नाही, रात्री चोरून पाटाचं दार उघडायचं नाही. कवडीला कोणाची भीड पडत नाही, ती लाच खात नाही, तिला मामा-मावशी नसतात. तेव्हा कोणी तक्रार करायची नाही.

दोन्ही गावांना हे पटलं. एखाद्या सकाळी कोणाचं तरी दान पडायचं, एखाद्या सकाळी कोणाचंच नाही. एकदा टाकं काठोकाठ भरलं आणि हात राखून वापरलं, तर बरेच दिवस पुरायचं. बरं चाललं होतं म्हणा ना.

पण माणसाला एखादी सरळ रीत मिळाली की तिला शेपूट जोडल्याशिवाय चैन पडत नाही. खालच्या गावाने दोन शेपटं जोडली.

पहिलं असं, की ज्याचं दान पडलं त्याने पुढचा महिनाभर कवड्या टाकायच्या नाहीत. का? तर म्हणे कवड्या दमलेल्या असतात. आत्ताच एवढं दिलं, लगेच कुठून देतील? त्यांना फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात निजवायचं.

दुसरं असं, की फार दिवस ज्याचं दान पडलं नाही, त्याचं दान ‘पिकलं’ म्हणायचं. झाडावरचा आंबा जसा पिकत येतो, तसं न पडलेलं दान दिवसेंदिवस पिकत येतं, आणि आता कधीही हातात पडेल. अशा घराने काय करायचं? तर टाक्यात उरलंसुरलं पाणी उपसून टाकायचं आणि टाकं घासून लखलखीत करायचं. नवं पाणी यायचं तर त्याचं स्वागत नको? जुन्या गढूळ पाण्यात ते कसं उतरेल?

हसू नका. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही काथ्या घेऊन टाक्यात उतरला असता. कारण गावात एक दाखला होता. केरबा नावाचा गावचा वडीलधारा माणूस होता, त्याच्या बापाने पूर्वी एकदा असं टाकं घासलं, आणि दुसऱ्याच दिवशी दान पडलं. पडलं ते खरंच पडलं. ही गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. ज्यांनी घासलं आणि दान पडलं नाही, अशांच्या गोष्टी मात्र कोणी सांगायचं नाही. त्यांच्याबद्दल एवढंच म्हणायचे, की नीट घासलं नसेल.

त्या गावात हौसा नावाची एक बाई राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घरात एक ती आणि गोठ्यात एक म्हैस. म्हशीचं नाव भिंगरी. नाव भिंगरी, पण चाल अशी की बघणाऱ्याला झोप यावी. हौसाचा सगळा संसार त्या म्हशीवर. दूध विकायचं, तूप कढवायचं, शेण्या थापायच्या, आणि संध्याकाळी उंबऱ्यावर बसून दिवसभरात काय काय झालं ते भिंगरीला सांगायचं. दुसरं ऐकणारं होतं कोण?

त्या उन्हाळ्यात भिंगरी गाभण होती. दिवस भरत आले होते. आता व्याली की दूध सुरू होणार, आटलेलं घर पुन्हा उभं राहणार. हौसा दिवस मोजत नव्हती, पण भिंगरीच्या पोटावरून हात फिरवल्याशिवाय झोपत नव्हती.

अडचण एकच होती. हौसाचं दान संक्रांतीनंतर पडलंच नव्हतं. ती रोज सकाळी कातळातल्या पायऱ्या चढून जायची, कवड्या टाकायची, आणि चारांतली एखादी तरी पालथी पडायचीच. टाक्यात आता निम्म्याहून कमी पाणी उरलं होतं. जपून वापरलं तर भिंगरीला व्यायपर्यंत पुरलं असतं. पुढचं पुढे.

एके दिवशी केरबा तिच्या दारात आला. मनाने भला माणूस. गावात कोणाच्या घरी दुखलंखुपलं तर पहिला तोच धावायचा. त्याने टाक्यात डोकावून पाहिलं आणि हौसाला समजावलं, की तुझ्याइतकं पिकलेलं दान आज गावात कोणाचं नाही. आता उशीर करू नकोस. आलेल्या पाण्याला जागा करून दे.

हौसा बिचकली. गाभण जनावर दारात असताना हातचं पाणी कसं ओतायचं, असं तिने विचारलं. केरबा म्हणाला, गाभण जनावर दारात आहे म्हणूनच सांगतोय, पोरी. मग शेजारच्या बाया आल्या. त्यांनीही तेच सांगितलं. एकीने तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की तुझं भलं व्हावं म्हणून आम्ही जीव तोडून सांगतोय. आता बघा, वाईट सल्ला देणारा वाईट असला तर माणूस सावध होतं. पण चार मायेची माणसं एकदम चुकली, तर त्यांना नाही म्हणायला छाती लागते. हौसाला नाही म्हणवलं नाही.

गावाने मिळून टाकं उपसलं. पाणी शेजारपाजारच्या दुधी-दोडक्यांना घातलं. काथ्याने आणि राखेने टाकं असं घासलं, की तळाशी चेहरा दिसावा. बायांनी ओव्या म्हटल्या, गूळखोबरं वाटलं. भिंगरी गोठ्यातून मान लांब करून सगळं बघत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी अर्धा गाव हौसाबरोबर वर गेला. हौसाने कवड्या कपाळाला लावल्या आणि टाकल्या. तीन उताण्या, एक पालथी.

लोक म्हणाले, बघा, किती जवळ आलंय! उद्या नक्की.

दुसऱ्या दिवशी एक उताणी, तीन पालथ्या. लोक म्हणाले, उद्या. तिसऱ्या दिवशी लोक कमी होते. त्याच्या पुढच्या दिवशी हौसा एकटीच होती.

टाकं कोरडं, वरून ऊन आग ओकतंय, आणि गाभण म्हैस. म्हशीला किती पाणी लागतं ते म्हैस पाळणाऱ्यालाच ठाऊक. शेजारणींनी आपापल्या टाक्यातून घागरी आणून ओतल्या. केरबाने तर आपलं अर्धं टाकं भिंगरीला पाजलं. त्याचं स्वतःचं दान नुकतंच पडून गेलं होतं, कवड्या देव्हाऱ्यात निजल्या होत्या, म्हणजे महिनाभर त्यालाही नवं पाणी मिळणार नव्हतं. तरी त्याने दिलं. पण पुरणार किती? भिंगरीच्या बरगड्या दिसू लागल्या. ती रिकाम्या डोणीत तोंड घालायची आणि मग हौसाकडे बघायची.

ते बघणं हौसाला सोसवेना. तिने मनाशी धरलं, की आपलं नशीबच फुटकं. पिकलेलं दान आपल्या हाताने नासलं. कवड्या आपल्यावर रुसल्या, आता त्या कधीच उताण्या पडायच्या नाहीत. दुसऱ्या सकाळी ती वर गेलीच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

मग एक मार्ग उरला. घाटाखाली नदीकाठच्या गावी तिची बहीण दिली होती. तिथे पाण्याला तोटा नव्हता. तिने बहिणीला निरोप धाडला, की भिंगरीला घेऊन जा. पण त्या मुलखाची एक चाल होती. ज्याच्या गोठ्यात म्हैस व्याली, त्या वेताचं सगळं दूध त्याचं. त्याने चारापाणी केलेलं, बाळंतपण काढलेलं, म्हणून. म्हणजे भिंगरी वाचली असती, पण वर्षभराचं दूध गेलं असतं, आणि हौसाने खायचं काय?

निरोप गेला, आणि त्या दुपारी हौसा कवड्यांची थैली घेऊन वर चढली. टाकायला नव्हे, फेकायला. पाटाच्या तोंडाशी तेव्हा कोणी नव्हतं. तिने एक कवडी काढली आणि सगळी शक्ती लावून तळ्यात भिरकावली.

टणकन आवाज झाला. पाण्यात पडलेल्या कवडीचा असा आवाज होत नाही. हौसाने पाहिलं तर तळ्याच्या काठाशी, शेवाळलेल्या दगडासारखं, एक जुनंपुराणं कासव होतं. कवडी त्याच्या पाठीवरून घरंगळून चिखलात पडली होती.

कासव म्हणालं, "बाई, मी तुझं काही घोडं मारलंय का?"

हौसाला रडू फुटलं. तिने सगळी कहाणी सांगितली. दान कसं पिकलं, टाकं कसं घासलं, कवड्या कशा रुसल्या. कासवाने घाई केली नाही. कासवच ते. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने तिला चिखलातली कवडी उचलायला लावली आणि आत काय आहे ते बघायला सांगितलं.

"काही नाही," हौसा म्हणाली. "पोकळ आहे."

"मग रुसवा ठेवायचा कुठे तिने? रुसायला आठवण लागते. काल तू आली होतीस, हे तिला ठाऊक नाही. परवा कोणाच्या किती पालथ्या पडल्या, हेही नाही. आधी तुम्ही म्हणालात, ती तुमचं देणं लागते. आता तू म्हणतेस, ती तुझी वैरीण झाली. अगं, ती तुला ओळखतसुद्धा नाही."

हौसाने कवडी तळहातावर उलटसुलट करून पाहिली. मग तिने विचारलं, की इतके दिवस मी आले, चढले, वाट पाहिली, ते सगळं काहीच नाही का?

कासवाचा आवाज जरा मऊ झाला. ते म्हणालं, की ते सगळं मला ठाऊक आहे. तुझी सासू यायची ते मला आठवतं, तिची सासूही आठवते. पहिल्याच दिवशी दान पडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ऋतू उलटला तरी न पडलेलीही पाहिली आहेत. तुझे दिवस तुझ्या पायांना ठाऊक आहेत. पण कवडीच्या हिशेबात ते नाहीत.

"मग उद्या?"

"तू नवी नवरी होऊन पहिल्यांदा या दगडाशी आलीस, त्या दिवशी दान जेवढं जवळ होतं, तेवढंच उद्याही आहे. एवढं थांबलीस म्हणून बोटभरही जवळ आलं नाही. आणि एवढ्यांदा हुकलं म्हणून बोटभर लांबही गेलं नाही."

एवढं बोलून कासव पाण्यात गेलं. हौसा तिथेच बसून राहिली. आधी तिला राग आला. इतके दिवस थांबलेल्या माणसाला कोणी असं सांगावं का? मग हळूहळू तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. ती नासलेली नव्हती. तिचं नशीब फुटकं नव्हतं. तिने कोणाचा अपराध केला नव्हता. उद्याची सकाळ तिच्यासाठी तेवढीच उघडी होती, जेवढी गावातल्या दुसऱ्या कोणासाठीही. तिने कवडीचा चिखल पुसला आणि ती थैलीत टाकली.

सकाळी ती वर गेली. कवड्या टाकल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या. थैली बांधून ती घरी आली.

दारात तिच्या बहिणीचा नवरा येऊन बसला होता, हातात दावं घेऊन. निरोप मिळताच भला माणूस रातोरात निघाला होता. भिंगरी अजून चालू शकत होती, घाट उतरू शकत होती. आणखी चार दिवसांनी उतरली असती की नाही, देव जाणे.

तेवढ्यात केरबा धापा टाकत आला. त्याने दावं धरलं. म्हणाला, "हौसा, एवढे दिवस काढलेस ते मातीत घालू नकोस. आता खरंच पिकलंय. अगदी देठाशी आलंय. एक दिवस थांब, पोरी, फक्त एक दिवस."

टाकं घासायला आपणच लावलं, हे त्याला दिवसरात्र खात होतं. आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून नव्हे, हौसाचं दूध वाचावं म्हणून तो तळमळत होता. तिला ते दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर तिचं स्वतःचं मनही तेच म्हणत होतं. एक दिवस, फक्त एक दिवस! एवढं थांबल्यावर एका दिवसासाठी वर्षाचं दूध घालवायचं?

ती म्हणाली, "आबा, उद्या पडेलही. पण उद्या नाही पडलं, तर तुम्ही परवाही हेच म्हणाल, आणि मलाही ते खरंच वाटेल. आणि ही अशीच माझ्याकडे बघत उभ्या उभ्या मरेल. मी किती दिवस थांबले ते जाऊ द्या. हिच्या अंगात किती दिवस उरलेत तेवढं बघा."

केरबाने दावं सोडलं. हौसाने भिंगरीच्या कपाळावर कुंकू लावलं, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, आणि दावं मेहुण्याच्या हातात दिलं. वळणाआड जाईपर्यंत भिंगरी एकदाही मागे वळली नाही. म्हशींना निरोप घेता येत नाही. हौसा मात्र रिकाम्या गोठ्यात जाऊन पोटभर रडली.

आणि दुसऱ्या सकाळी हौसाचं दान पडलं.

चारही उताण्या. आता तुम्ही मला बोल लावाल, की हे काय, एक दिवस आधी पाडता येत नव्हतं? मी काय करू? दान मी पाडत नाही. पडायचं तेव्हा पडतं, कोणाची वेळ बघून पडत नाही. म्हणून तर एवढी गोष्ट सांगत बसलोय.

पाणी पाटातून खळाळत खाली आलं, हौसाच्या कोरड्या टाक्यात उतरलं, आणि सगळा गाव तिच्या दारात जमला. कोणाच्याही तोंडावर आनंद नव्हता. सगळ्या बाया हळहळत होत्या. एक दिवस थांबली असती तर! केरबाचं ऐकलं असतं तर! कोणी म्हणालं, म्हैस अजून लांब गेली नसेल, पळत जा आणि वळवून आणा. कोणी पागोटं आवळून निघालंसुद्धा.

हौसाने त्याला थांबवलं. म्हणाली, भरल्या दिवसांची म्हैस एकदा घाट उतरली, तिला पुन्हा चढवली तर पोटातलं पारडू जाईल, कदाचित तीही जाईल. राहू दे तिथेच. सुखाने व्याली म्हणजे झालं.

एका म्हातारीने कळवळून विचारलं, "पण तुला वाईट वाटत नाही, हौसा? एका दिवसाने चुकलीस गं."

हौसाचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "वाईट वाटतंय, मावशी. दूध गेलं, मग वाईट नाही वाटणार? पण चुकले नाही. चुकले होते ती टाकं उपसलं तेव्हा. त्या दिवशी दुसऱ्याच सकाळी दान पडलं असतं, तरी ती चूकच होती. आणि काल म्हैस धाडली ते आज दान पडलं तरी बरोबरच होतं. उद्याचं मला काल कुठे ठाऊक होतं?"

हे बोलणं कोणाला लगेच कळलं नाही. कळायला अवघडच होतं ते. आजही पुष्कळांना कळत नाही, आणि त्यांत शहाणीसुरती माणसं असतात.

मग हौसाने केरबाला बाजूला बोलावलं. त्याचं टाकं तिने पाहिलं होतं. भिंगरीला पाजून पाजून तळ दिसायला लागला होता, आणि त्याच्या दावणीला दोन बैल आणि एक गाय होती. तिने सांगितलं, की आज माझ्या पाटाला तुमच्या दाराकडे फाटा पाडा, निम्मं पाणी तुमचं. तुम्ही माझ्या जनावराला जगवलंत. आणि उद्या सकाळी कवड्या घेऊन वर या.

केरबाने पाणी घेतलं, पण दुसऱ्या गोष्टीला मान हलवली. म्हणाला, "माझ्या कवड्या दमलेल्या आहेत अजून."

"कवड्या दमत नाहीत, आबा. त्यांना ठाऊकच नाही त्यांनी तुम्हाला काही दिलंय ते. घरी बसून एकेक सकाळ वाया घालवताय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच हौसा दगडाशी हजर. आदल्या दिवशी दान पडलेली बाई पुन्हा कवड्या टाकायला आलीय, हे पाहून लोक चपापले. कोणी म्हणालं, हाव सुटली. कोणी म्हणालं, देव कोपेल. पाटाच्या दारावर असायचा तो पाटकरीही घोटाळला, पण राणीने घालून दिलेल्या रीतीत महिनाभर थांबा असं कुठे होतं? ते शेपूट गावाने जोडलेलं. हौसाने कवड्या टाकल्या. तीन पालथ्या, एक उताणी.

तिने त्या गोळा केल्या, थैली कमरेला खोचली आणि बाजूला सरली. तिच्या मागे केरबा उभा होता. देव्हाऱ्यातून काढलेल्या कवड्या त्याच्या मुठीत होत्या. गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने सगळ्यांदेखत आजवर स्वतः पाळलेली चाल मोडायची, हे सोपं नव्हतं. त्याने टाकल्या. त्याच्याही नाही पडल्या.

लोक त्याच्याकडे बघत होते, आता हा काय म्हणतो म्हणून. केरबा वाकला, एकेक कवडी उचलून त्याने धुळीतून पुसली, आणि म्हणाला, "बरं. उद्या येतो."

त्यानंतर त्या गावात कोणी कवड्या निजवल्या नाहीत. दान पडलेला माणूस दुसऱ्या सकाळी पुन्हा रांगेत दिसायचा. दान कोणाचं लवकर पडू लागलं असं नाही. कवड्या होत्या तशाच होत्या. पण गाव महिना महिना घरी बसायचा थांबला, तेवढ्या सकाळी जास्त मिळाल्या, आणि टाक्यांतलं पाणी आपसूक वाढलं. आणि टाक्यातलं उरलंसुरलं पाणी ओतून कोणी पुन्हा काथ्या हातात घेतला नाही. दान लांबलं की लोक घागरीऐवजी तांब्याने पाणी घेऊ लागले. टाकं शेवाळलं तरी चालेल, कोरडं पडलं नाही म्हणजे झालं.

त्या वर्षभर हौसाने शेजाऱ्यांची धुणी धुतली, सुपं विणली, ताकावर दिवस काढले. ते ताकही केरबाच्या घरून यायचं. पाऊस झाला, डोंगर हिरवा झाला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मेहुणा घाट चढून आला. दावं पुढे, मागे भिंगरी, आणि भिंगरीच्या मागे तिच्यासारखीच आळशी चालीची एक पारडी. हौसा अंगणात धावली, आणि भिंगरीच्या गळ्यात पडून तिला वर्षभराचं सगळं सांगू लागली. म्हशीने ऐकलं की नाही कोण जाणे, पण ती हलली नाही.

तात्पर्य: आजवर किती वेळा हुकलं त्याने उद्याचं दान जवळ येत नाही की लांब जात नाही, म्हणून हातचं पाणी ओतू नये, आणि उद्याची सकाळ सोडू नये.